उदासीच्या गोळीची गोष्ट

आज मी कर्जाच्या हप्त्याविषयी बोलणार नाही आणि बँकेच्या कागदांविषयीही नाही. आज मला माझी एक चूक सांगायची आहे. ती दुरुस्त करताना एक इतिहास हाती लागला, तोही सांगायचा आहे.

आमच्या गटात एक अक्का आहेत. नाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी कारखान्यावरून परत आल्या त्या गप्प होऊनच. बैठकीला यायच्या, पण कोपऱ्यात बसायच्या. भूक नाही, पहाटे तीनला जाग, केसाला तेल नाही. आम्ही म्हणायचो, थकल्या असतील. शेवटी लेकीने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे डिप्रेशन आहे, आणि गोळ्या लिहून दिल्या.

अक्कांनी मला विचारलं, "ताई, या गोळ्या कशाच्या?" मला नीट माहीत नव्हतं. पण समन्वयक म्हटलं की सगळं माहीत असायला पाहिजे, असं आपल्याला वाटतं. मी म्हणाले, "अंगातलं रक्त कमी झालं की लोहाच्या गोळ्या घेता ना? तसंच डोक्यातलं एक रसायन कमी झालंय. गोळी ते भरून काढते." अक्कांना पटलं. सगळ्यांनाच पटलं.

दोन-अडीच महिन्यांत अक्का हसायला लागल्या आणि त्यांनी गोळी बंद केली. मला सांगितलंही नाही. कशाला सांगतील? मीच म्हणाले होते, कमी आहे ते भरून निघतं. त्यांच्या हिशेबाने ते भरलं होतं. शेजारीण म्हणालीच होती की, सवय लागेल, बंद कर.

महिनाभराने रात्री लेकीचा फोन आला. "ताई, आई दोन दिवस उठली नाही. मी नसले तर बरं होईल, असं म्हणते." आम्ही दोघी-तिघी गेलो. रात्रभर त्यांच्याजवळ बसलो आणि सकाळी दवाखाना गाठला. गोळी परत सुरू झाली. अक्का आज बऱ्या आहेत. त्यांच्याच परवानगीने हे सांगते आहे.

बऱ्या झाल्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "ताई, रक्त कमी आहे हे रक्त तपासून कळतं. कागदावर आकडा येतो. माझ्या डोक्यातलं कमी झालेलं कुणी मोजलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. राजे शिकले, लढाया शिकले, पण गोळीला इतिहास असतो हे कुणी शिकवलं नव्हतं. मग डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं वाचली. कळलं ते असं, की 'डोक्यातलं रसायन कमी झालं' ही कल्पना कुठून आली हे शोधायला निघालं, तर वाट आपल्या सर्पगंधेच्या मुळीवरून आणि मुंबईच्या एका दवाखान्यातून जाते.

सर्पगंधा हे रानातलं झुडूप. सह्याद्रीतही सापडतं. त्याची मुळी सापाच्या विषावर, झोप न येण्यावर आणि डोकं फिरलेल्या माणसाला शांत करायला पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. बिहारकडे तिला पागलांची दवाच म्हणायचे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते. पण तेव्हा बाहेरच्या जगाने फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. ते हृदयाचे डॉक्टर, केईएम हॉस्पिटलशी जोडलेले. त्यांनी सर्पगंधा देऊन बीपीचे रोगी काळजीपूर्वक तपासले आणि १९४९ साली इंग्लंडच्या एका नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात त्याची माहिती छापली. मग जगभर सर्पगंधेची चौकशी सुरू झाली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीने मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला. त्याचं नाव रिसर्पिन. तो बीपीवर चालला. अमेरिकेतले डॉ. नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णालयातल्या आजाऱ्यांना दिला. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली, आरडाओरडा करणारी माणसं शांत झाली. १९५७ साली डॉ. वकील यांना याच कामासाठी अमेरिकेचा मोठा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण गोष्ट इथे वळण घेते. बीपीसाठी बरेच दिवस रिसर्पिन घेणारी काही माणसं उदास व्हायला लागली. १९५४ साली अमेरिकेतल्या डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी तशी नोंद केली. जेवणावरची वासना गेलेली, रडू येतंय, जगण्यात अर्थ वाटत नाही. बीपी उतरलं आणि मनही उतरलं. शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, ही मुळी डोक्यात जाऊन नेमकं करते तरी काय?

आता थोडं मेंदूविषयी. आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी असतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. आपल्या गल्लीत समोरासमोर दोन घरं असतात ना, तसं समजा. एका घरातली बाई उंबऱ्यात येऊन निरोप टाकते, समोरची तो घेते. पेशींचे हे निरोप म्हणजे रसायनं. सेरोटोनिन हे त्यातलं एक, नॉरॲड्रेनॅलिन दुसरं. समोरच्या पेशीला निरोप पोचला, की उरलेलं रसायन पहिली पेशी परत आत ओढून घेते किंवा ते तिथेच मोडून टाकलं जातं. हे काम क्षणोक्षणी चाललेलं असतं. आणि गंमत बघा, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं. ते मेंदूतही असतं हे १९५३ साली दाखवून दिलं ते बेट्टी ट्वारोग नावाच्या एका तरुण अमेरिकन बाईने.

१९५५ साली अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेत दिसून आलं, की रिसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मग विचार पुढे गेला. साठा रिकामा झाला आणि माणूस उदास झाला, म्हणजे उदासी या साठ्याच्या कमतरतेने येत असेल का?

त्याच वर्षांत दुसरीकडे आणखी एक गोष्ट घडत होती. आपल्याकडे टीबीच्या गोळ्यांत आजही आयसोनियाझिड असतं. त्याच्या जातीचं एक औषध होतं, आयप्रोनियाझिड. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये ही औषधं टीबीच्या रोग्यांना देऊन पाहिली. मरणाला टेकलेली माणसं उठून बसली, हसायला लागली, काही तर वॉर्डात नाचली. छाती सुधारलेली होतीच, पण मनाची उभारी तिच्याही पुढे गेली होती. पुढे कळलं की हे औषध निरोपाची रसायनं मोडणाऱ्या घटकाला अडवतं. १९५७ साली डॉ. क्लाइन यांनी ते उदासीच्या आजारावर वापरल्याचं मांडलं. मात्र काहींना त्यातून कावीळ झाली आणि ते मागे पडलं.

तिसरी गोष्ट स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेन गावची. तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. रोलँड कून वेगळ्याच मानसिक आजारासाठी एक नवं औषध तपासत होते. त्या आजारावर ते चाललं नाही. पण १९५६ साली खोल उदासीत असलेल्या एका बाईला त्यांनी ते दिलं आणि आठवड्याच्या आत तिच्यात फरक दिसू लागला. तेच इमिप्रामिन, त्या जातीच्या गोळ्यांमधली पहिली. पुढे १९६१ साली ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं, की ही गोळी निरोपाचं रसायन परत आत ओढू देत नाही. त्यामुळे निरोप फटीत जास्त वेळ राहतो. ॲक्सेलरॉड यांना १९७० साली नोबेल मिळालं.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. डॉ. कून यांच्या कामाची अलीकडे, २०१९ साली, स्वित्झर्लंडमध्ये सविस्तर चौकशी छापून आली. तिच्यातून कळलं की त्या मनोरुग्णालयात कितीतरी माणसांवर त्यांना न विचारता, न सांगता औषधं तपासली गेली होती. विचारल्याशिवाय बाईच्या शरीरावर काही करणं म्हणजे काय, हे आपल्या बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. गर्भपिशवीच्या ऑपरेशनांनी आपण ते शिकलोय. गोळी चांगली असू शकते आणि तिच्यापर्यंत पोचण्याची वाट वाईट असू शकते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लक्षात ठेवायचं.

तर या तीन गोष्टी शेजारी ठेवा. सर्पगंधेच्या औषधाने साठा रिकामा केला, माणसं उदास झाली. टीबीच्या औषधाने रसायन मोडू दिलं नाही, माणसांना उभारी आली. इमिप्रामिनने रसायन परत ओढू दिलं नाही, उदासी हटली. यावरून कुणीही म्हणेल की, रसायन कमी झालं की उदासी, वाढलं की बरं. १९६५ साली अमेरिकेच्या डॉ. जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनॅलिनच्या बाबतीत हा विचार नीट मांडला. तो एक अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं. १९८७ साली फ्लुऑक्सेटिन ही सेरोटोनिनवर चालणारी गोळी अमेरिकेत विक्रीला मंजूर झाली. मग जाहिरातींतून, डॉक्टरांच्या बोलण्यातून तो अंदाज जगभर 'सत्य' म्हणून पसरला. पसरत पसरत तो आमच्या गटाच्या बैठकीत, माझ्या तोंडी येऊन बसला.

पण हिशेबात खोट होती. एक तर १९५५ सालीच लंडनच्या दोन डॉक्टरांनी चिंतेने आणि उदासीने आजारी असलेल्या माणसांना रिसर्पिन देऊन पाहिलं होतं, आणि त्यातल्या कित्येकांना उलट बरं वाटलं. ती नोंद मागे राहून गेली. दुसरं, गोळी घेतल्यावर मेंदूतला रसायनाचा निरोप काही तासांत बदलतो, पण मनाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे जातात. नुसतं भरून काढायचं असतं तर त्याच दिवशी हसू यायला हवं होतं. तिसरं, २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी आजवरचे अभ्यास गोळा करून पाहिले, तर उदासीच्या आजारात सेरोटोनिन कमीच असतं याचा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही.

म्हणजे अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर काय? कुणीच मोजलं नव्हतं. रक्त तपासून उदासीचा आकडा काढणारी तपासणी आजही दवाखान्यात नाही. अक्का बरोबर होत्या आणि मी चूक होते.

मग गोळी खोटी का? नाही. हेच मला आज ठासून सांगायचंय. गोळी कशी चालते याचा एक अंदाज चुकला, म्हणून गोळी चालत नाही असं होत नाही. ताप उतरवणारी गोळी आपण घेतो, पण ताप काही त्या गोळीच्या कमतरतेने आलेला नसतो. २०१८ साली जगभरच्या ५२२ चाचण्या एकत्र करून २१ औषधांचा हिशेब मांडला गेला. एक लाखाहून जास्त माणसांच्या नोंदी त्यात होत्या. सगळीच्या सगळी २१ औषधं नकली गोळीपेक्षा जास्त उपयोगी ठरली. उपयोग प्रत्येकाला सारखा होत नाही, एक गोळी लागू पडली नाही तर दुसरी द्यावी लागते, पण उपयोग होतो. आणि हे काही फक्त गोऱ्यांच्या देशातलं नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी दवाखान्यात आलेल्या आपल्यासारख्याच माणसांवर चाचणी घेतली. ती २००३ साली छापून आली. फ्लुऑक्सेटिन घेणाऱ्यांना दोन महिन्यांत नकली गोळीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला होता.

मग गोळी करते तरी काय? शास्त्रज्ञ आज असं समजतात, की निरोप जास्त वेळ मिळाला की मेंदूतल्या पेशी हळूहळू आपल्यात बदल करतात, नवे फाटे फुटतात, जुन्या वाटा सैल होतात. त्याला वेळ लागतो. मी आता लोहाची गोळी सांगत नाही, शेतातलं सांगते. कडक, भेगाळलेल्या रानात पेरता येत नाही. पाऊस पडला म्हणून लगेचही पेरता येत नाही. जमिनीला वाफसा यावा लागतो. गोळी मनाला वाफसा आणते. पेरायचं त्यानंतर असतं. घराबाहेर पडणं, माणसात बसणं, बोलणं, अडलेली गोष्ट कुणाच्या मदतीने सोडवणं, ही पेरणी. वाफसा आला म्हणून घरात बसून राहिलं तर पीक येत नाही, आणि वाफसाच नसताना 'ऊठ, कामाला लाग, मन घट्ट कर' म्हणून चालत नाही. अक्कांना आम्ही महिनोन् महिने तेच म्हणत होतो.

ही पेरणी आपल्यासारख्या बायाही करू शकतात, हेही पुढच्या वर्षांत सिद्ध झालं. गोव्यातच डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या गावच्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत बोलून, छोटी छोटी कामं ठरवून देऊन, खोल उदासीतल्या माणसांना बरं व्हायला मदत केली. तो अभ्यास २०१७ सालचा. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांचा अभ्यास छापून आला. 'विश्राम' नावाच्या त्या कामात गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर गेल्या, 'टेन्शन' या आपल्याच शब्दात बोलल्या, तेव्हा उपचाराला पुढे येणारी माणसं कित्येक पटीने वाढली. आपल्या मराठवाड्यातही २०१५ पासून शासनाचा प्रेरणा प्रकल्प आहे. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी तो सुरू झाला आणि बीड त्यात आहे.

आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन्सिल घ्या.

गोळी डॉक्टरांनीच द्यायची. शेजारणीची, जावेची गोळी घ्यायची नाही. सर्पगंधेची मुळी आणून उगाळून प्यायची तर अजिबात नाही. आत्ताच ऐकलंत, ती उदासी वाढवूही शकते.

पहिले दोन आठवडे मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होऊ शकते. बहुतेक वेळा ती कमी होते. या दिवसांत माणसावर लक्ष ठेवायचं, विशेषतः पंचविशीच्या आतल्या पोरीबाळींवर, कारण क्वचित कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढतात. तसं दिसलं तर एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टर. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. कधी कधी फार जास्त उत्साह येतो, झोपच लागत नाही, भरमसाट खर्च होतो, असं पूर्वी झालं असेल तर तेही सांगायचं. तो आजार वेगळा असू शकतो, त्याला औषधही वेगळं लागतं.

या झोपेच्या गोळ्या नाहीत आणि दारूसारखी तल्लफही यांची लागत नाही. पण शरीराला त्या ओळखीच्या होतात, म्हणून एकदम बंद केल्या तर चक्कर येते, झिणझिण्या येतात, चिडचिड होते. बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात. मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. कधी थांबायचं हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. गोळी कशाची, किती दिवस, त्रास काय होईल, हे तीन प्रश्न दवाखान्यात विचारूनच बाहेर पडायचं.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा मिळते, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. दाराच्या मागे लिहून ठेवा. कुणाला काही झालं की आपल्याकडे 'येरवड्याला पाठवा' म्हणून हसतात. ते हसणं आपल्या गटात तरी बंद करू या. उदासीचे बहुतेक रुग्ण घरी राहून, बाह्यरुग्ण विभागात दाखवून बरे होतात.

हे सगळं मी अक्कांना वाचून दाखवलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे मोजून कळत नाही. विचारूनच कळतं."

मला वाटतं, सगळ्या इतिहासाचं सार त्यांनी काढलं. सर्पगंधेने उदास झालेली माणसं, टीबीच्या वॉर्डात हसणारी माणसं, म्युन्स्टरलिंगेनची ती बाई. कुणीतरी त्यांच्याकडे नीट पाहिलं, त्यांचं ऐकलं, म्हणूनच हे शोध लागले. तपासणीचं यंत्र तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की वही लगेच मिटू नका. कोपऱ्यात गप्प बसणारी कोण आहे ते बघा. तिच्या शेजारी जाऊन बसा आणि दोनच प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास असतं का? ज्यात आधी गोडी वाटायची, त्यात आता वाटत नाही का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर सल्ला देऊ नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा. आम्ही अक्कांना सहा महिने विचारलं नव्हतं.